उसन्या चष्म्यातून स्पॅनिश

गेल्या महिन्यात येथील आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे प्रस्तुत लेखकाने एक साधी सूचना मांडली होती. मंडळाची तळमजल्यावरील खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी रिकामी असते. तेथे स्पॅनिश भाषेचा प्रारंभिक वर्ग चालवावा आणि तो मराठीतून चालवावा, एवढीच ती सूचना. तिच्या पहिल्या भागास कोणाचीच हरकत नव्हती. आमच्या सभासदांत केंद्र सरकारच्या नोकरीतील मंडळी पुष्कळ. कोणाचा मुलगा परराष्ट्रसेवेत, कोणाची सून व्यापाराच्या निमित्ताने मेक्सिकोकडे, कोणाची नात शाळेत तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेऊन बसलेली. वर्ग सर्वांनाच हवा होता. विरोध झाला तो ‘मराठीतून’ ह्या एका शब्दास. सूचना दोनाविरुद्ध पाच मतांनी फेटाळली गेली.

पराभवाचे मला दुःख नाही. चाळीस वर्षे सरकारी फायलींवर टिपणे लिहिणाऱ्यास आपली सूचना फेटाळली जाण्याची सवय असते. दुःख आहे ते ज्या कारणांनी ती फेटाळली गेली त्यांचे. ती कारणे आमच्या मंडळापुरती नाहीत. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या कोणत्याही मराठी घरात ती चहाच्या पेल्याबरोबर उच्चारली जातात. म्हणून त्यांचा जाहीर परामर्श घेणे अवश्य वाटते.

आक्षेप चार होते. स्पॅनिशची पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत, तेव्हा इंग्रजीवाचून गत्यंतर नाही, हा पहिला. क्रियापदांच्या रूपांचे तक्ते पाठ करविणे ही जुनाट घोकंपट्टी होय, आजकाल भाषा बोलता बोलता शिकतात, हा दुसरा. राजधानीसारख्या सर्व प्रांतांच्या लोकांनी गजबजलेल्या शहरी मराठीचा आग्रह धरणे ही संकुचित वृत्ती होय, हा तिसरा. चौथा आक्षेप एका तरुण सभासदाने काहीशा खालच्या आवाजात सांगितला. तो असा, की आमच्या मुलांना आता मराठीच नीट येत नाही. तिच्यातून त्यांनी आणखी एक भाषा कशी शिकावी? पहिले तीन हे आक्षेप आहेत. चौथा ही कबुली आहे. तिच्याकडे शेवटी वळू.

आधी अनुभवाची गोष्ट सांगतो. निवृत्तीला एक वर्ष उरले असता मी ह्याच शहरातील एका संस्थेत स्पॅनिशच्या संध्याकाळच्या वर्गास जाऊ लागलो. वर्गात वीसेक विद्यार्थी. बंगाली, तामीळ, पंजाबी, मल्याळी आणि माझ्यासह दोन मराठी. शिक्षिका मनमिळाऊ आणि आपल्या विषयात पारंगत होत्या. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तकाबरहुकूम फळ्यावर इंग्रजी क्रियापद लिहिले: आय स्पीक, यू स्पीक, वुई स्पीक, दे स्पीक. मग गंभीरपणे म्हणाल्या, “इंग्रजीत पाहा, क्रियापद जवळजवळ बदलतच नाही. स्पॅनिशमध्ये मात्र कर्त्यागणिक ते बदलते. तुम्हांला हे विचित्र वाटेल; पण भिऊ नका, सवय होईल.” वर्गातील मंडळी एकमेकांकडे पाहून कसनुसे हसली. मीही हसलो.

घरी परतताना बसमध्ये मला ह्या हसण्याची लाज वाटली. त्या खोलीतील बहुतेकांच्या आईच्या भाषेत कर्त्याप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलतेच. माझ्या शेजारचा बंगाली गृहस्थ घरी ‘आमि बोलि, तुइ बोलिश, शे बोले’ म्हणतो. पुढल्या बाकावरची तामीळ मुलगी ‘पेसुगिरेन, पेसुगिराय, पेसुगिरान’ म्हणते. मी ‘तू बोलतोस, तुम्ही बोलता, ते बोलतात’ म्हणतो, आणि एवढ्यावर न थांबता पुरुषाला ‘बोलतो’ व स्त्रीला ‘बोलते’ म्हणतो, जे स्पॅनिश माणसाला वर्तमानकाळात करावेच लागत नाही. कर्त्यागणिक बदलणारे क्रियापद विचित्र वाटणार होते ते इंग्रजाला. आणि त्या खोलीत इंग्रज नव्हताच!

दोष पुस्तकाचा नव्हता. इंग्रजीने आपल्या क्रियापदांचे प्रत्यय कित्येक शतकांच्या ओघात टाकून दिले. वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा एक ‘एस’ काय तो शिल्लक राहिला. त्या भाषेत वाढलेल्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकाने त्या वाचकाच्या अडचणीपासून सुरुवात करणे हे योग्यच. प्रश्न असा आहे, की ज्याला ती अडचण नाही त्याने ती उसनी का घ्यावी? ज्याचे डोळे धडधाकट आहेत त्याने दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून ‘अक्षरे पुसट दिसतात’ असे का म्हणावे?

वाचकांपैकी ज्यांनी स्पॅनिश पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सर्व प्रकरण येथेच मांडतो. ते एवढे लहान आहे, की मासिकाच्या अर्ध्या पानात मावते.

स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ ह्यांपैकी एका प्रत्ययाने संपते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर धातूंचे तीन गण. संस्कृताचे दहा गण ज्यांनी शाळेत घोकले त्यांना तीन गणांचे भय वाटू नये. हा शेवटचा प्रत्यय काढला की धातू उरतो, आणि त्यास पुरुष व वचन दाखविणारे प्रत्यय लागतात. नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ असा:

आब्लार, म्हणजे बोलणे: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान.

कोमेर, म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन.

बिबीर, म्हणजे राहणे, जगणे: बीबो, बीबेस, बीबे, बिबीमोस, बिबीस, बीबेन.

क्रम आपलाच: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. रूपे अठरा दिसतात. परंतु ‘ओ’ तिन्ही गणांस समान, आणि ‘एर’ व ‘ईर’ हे गण ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ ह्या दोनच ठिकाणी एकमेकांपासून वेगळे होतात. म्हणजे निरनिराळे प्रत्यय अवघे तेरा. ह्या तेरा प्रत्ययांच्या भांडवलावर त्या भाषेतील हजारो क्रियापदांचा वर्तमानकाळ हाती येतो. नवी क्रियापदे तर बहुधा पहिल्याच गणात जन्म घेतात. दूरध्वनी आला तेव्हा ‘तेलेफोनेआर’ झाले, संगणकावरील गप्पांसाठी ‘चातेआर’ झाले, आणि दोन्ही निमूटपणे ‘आब्लार’च्या मागे चालू लागली.

आता मराठी कानाने हे तक्ते पुन्हा ऐकावेत. ‘तू’ ह्या सर्वनामास स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? ‘तू’च म्हणतात. दंत्य ‘त’, दीर्घ ऐकू येणारा ‘ऊ’, सर्व काही आपल्यासारखे. आणि ‘तू’बरोबर येणाऱ्या क्रियापदाच्या शेवटी काय येते? ‘स’ येतो. तू बोलतोस, तू आब्लास. तू खातोस, तू कोमेस. तू राहतोस, तू बीबेस. हा निव्वळ योगायोग नव्हे. संस्कृतातील ‘वदसि’चा ‘सि’, ‘वदामः’चा ‘मः’ आणि ‘वदन्ति’चा ‘न्ति’ हे लॅटिनमधील ‘स’, ‘मुस’ आणि ‘न्त’ ह्यांचे सख्खे भाऊबंद आहेत. आणि लॅटिनची कन्या जी स्पॅनिश, तिच्या मुखी ते ‘स’, ‘मोस’ आणि ‘न’ होऊन बसले आहेत. ज्याने लहानपणी ‘वदामि, वदसि, वदति’ म्हटले आहे त्याची ह्या घराण्याशी ओळख जुनी आहे. आमच्या वर्गातील अर्धेअधिक विद्यार्थी ह्याच ‘तू’चा उच्चार ‘टू’ असा करीत होते, कारण ते अक्षर त्यांनी इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचले होते. आईने शिकविलेला ‘तू’ तोंडात असताना परक्याचा ‘टू’ उच्चारावा, ह्याहून अधिक बोलका पुरावा मला देता येणार नाही.

पुढे सर्वनाम गाळण्याची गोष्ट. स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तू’ ही सर्वनामे बहुधा उच्चारीतच नाही, क्रियापदावरून कर्ता कळतो, हा नियम समजावण्यात इंग्रजी पुस्तक एक संबंध प्रकरण खर्ची घालते. मराठी मुलास त्यासाठी एक वाक्य पुरे: “जेवलास का?” ह्यात ‘तू’ कोठे आहे? ‘स’मध्ये आहे.

आदरार्थी सर्वनामाची गोष्ट तर ह्याहून रंजक. स्पॅनिशमध्ये परक्या वा मान्य व्यक्तीस ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणतात, आणि क्रियापद मात्र तृतीयपुरुषी योजतात: ‘उस्तेद आब्ला’. आमच्या वर्गात ह्यावर मोठा घोळ झाला. समोरच्या माणसाशी बोलताना ‘तो’चे क्रियापद कसे? इंग्रजीच्या सपाट ‘यू’मधून हे कळणे कठीणच. परंतु ‘उस्तेद’ हा ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, ‘आपली थोरवी’ अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. ज्या घरात “स्वारी आज कधी निघणार?” किंवा “बाईसाहेब काय म्हणतात?” असे तोंडावर विचारले जाते, त्या घरातील मुलास हे अर्ध्या मिनिटात उमजते. अनेकांशी बोलताना ‘उस्तेदेस’ आणि ‘ते’चे क्रियापद. मौज अशी की लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठी सर्वत्र हेच चालते, वर दिलेली ‘आब्लाइस, कोमेइस, बिबीस’ ही रूपे मुख्यतः स्पेनमध्ये ऐकू येतात. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येतो आणि लोक ‘बोस आब्लास’ म्हणताना शेवटच्या स्वरावर आघात देतात. ज्याची बदली ब्वेनोस आइरेसला व्हावयाची त्याने हे आधीच जाणून असलेले बरे.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते निर्णायक आहे. ‘गुस्तार’ हे पहिल्या गणातील पूर्ण नियमित क्रियापद. त्याचा अर्थ इंग्रजी पुस्तक ‘लाइक’ असा देते आणि मग त्या अर्थामुळे झालेला गोंधळ निस्तरीत बसते; कारण स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तू हा कर्ता असतो आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत जातो. ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. मराठीत सांगू? मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात. शब्दाला शब्द, रचनेला रचना, वचनाला वचन. मी वर्गात ह्या धड्यावर दोन आठवडे चाचपडलो, कारण मी ‘आय लाइक’चे भाषांतर करीत होतो. ज्या दिवशी मनातल्या मनात मराठीतून वाक्य केले त्या दिवशी प्रश्न उरलाच नाही.

अर्थाच्या बाबतीतही तेच. साधा वर्तमानकाळ स्पॅनिशमध्ये जी कामे करतो ती बहुतेक सर्व आपला वर्तमानकाळ करतो. ‘मान्याना आब्लो कोन एल दिरेक्तोर’: उद्या संचालकांशी बोलतो. भविष्यकाळाची गरज नाही, जशी आपल्याला नसते. आणि बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्यासाठी एक वाक्य: ‘बीबो आकी देस्दे आसे त्रेस आन्योस’. मी येथे तीन वर्षांपासून राहतो. येथे इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ अशी तीन शब्दांची कसरत करावी लागते. मराठीला आणि स्पॅनिशला साधा वर्तमानकाळ पुरतो.

ह्यावर आमचे एक विद्वान स्नेही म्हणाले, “अहो, एका भाषेच्या साच्यात दुसरी भाषा कोंबणे अशास्त्रीय आहे. तुम्ही इंग्रजीचा साचा काढून मराठीचा बसविता, एवढेच.” आक्षेप तोलामोलाचा आहे आणि त्याचे उत्तर मी स्पॅनिशच्या इतिहासातूनच देतो. त्या भाषेचे पहिले व्याकरण आंतोनिओ दे नेब्रिहा ह्याने १४९२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कित्येक पिढ्यांचे वैयाकरण आपली भाषा लॅटिनच्या मापाने मोजीत राहिले. ह्या रिवाजास खडसावून आव्हान दिले ते आंद्रेस बेल्यो ह्याने. हा पुरुष वाचकांस आपलासा वाटेल, कारण त्याचेही आयुष्य परगावी नोकरीत गेले. जन्म १७८१ मध्ये काराकासचा. १८१० मध्ये तो लंडनला गेला आणि एकोणीस वर्षे तेथे राहिला. १८२९ मध्ये चिलीत आला आणि तेथील सरकारच्या परराष्ट्रखात्यात काम करता करता चिलीच्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. १८५५ मध्ये संमत झालेली चिलीची दिवाणी संहिता त्याच्याच हातची. जन्मभूमीस तो परतला नाही. १८६५ मध्ये सांतियागोतच वारला. त्याने १८४७ मध्ये अमेरिकेतील स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिले, आणि त्याची मुख्य तक्रार हीच, की आपल्या भाषेला लॅटिनचा अंगरखा घालून तिचे खरे रूप झाकले जात आहे. काळांची नावेही त्याने नव्याने योजिली.

बेल्योच्या शिकवणीला मी बाध आणीत नाही. मराठी हा साचा नव्हे. ती तुलनेची जागा आहे. जेथे दोन भाषा जुळतात तेथे श्रम वाचतात, आणि जेथे जुळत नाहीत तेथे भेद ठळक दिसतो. असे भेद आहेत आणि ते मी लपविणार नाही. आपण ‘वडील बोलतात’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये वडिलांसाठीही ‘आब्ला’ हे एकवचनच, ‘आब्लान’ म्हटले तर ऐकणारा दुसरे कोण आले म्हणून दाराकडे पाहील. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा सूक्ष्म भेद आहे. तेथे दोहोंस ‘आब्लामोस’. आपल्या ‘बोलतो’मध्ये ‘मी’, ‘तो’ आणि ‘आम्ही’ असे तिघे दाटीवाटीने राहतात. स्पॅनिशने प्रत्येकास वेगळी खोली दिली आहे. आणि आघात ही तर मराठी माणसाची खरी अडचण. ‘आब्लो’मध्ये पहिल्या स्वरावर आघात दिला तर ‘मी बोलतो’. शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. वर्तमानकाळात आघात धातूवर असतो, फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत तो प्रत्ययावर सरकतो. ह्यासाठी कान तयार करावा लागतो. ह्या आमच्या अडचणी आहेत. आम्हांला जे पुस्तक हवे ते ह्या अडचणींपासून सुरू होणारे, दुसऱ्याच्या अडचणींपासून नव्हे.

आता तक्ते पाठ करण्याविषयी. “लहान मूल कोठे तक्ते पाठ करते?” असे मला विचारण्यात आले. लहान मूल दिवसाचे बारा तास ती भाषा ऐकते, काही वर्षे ऐकते आणि त्यास कचेरीत जावयाचे नसते. आठवड्यातून तीन तास देणाऱ्या चाळीस वर्षांच्या अधिकाऱ्याने मुलाचा आव आणू नये. दुसरे असे म्हणतात, की रोजच्या बोलण्यातली महत्त्वाची क्रियापदे अनियमित आहेत, मग नियमितांवर वेळ कशाला दवडावा? परंतु ती अनियमित क्रियापदे पाहा. ‘तेनेर’चे ‘तिएनेस, तेनेमोस, तिएनेन’. ‘ईर’चे ‘बास, बामोस, बान’. ‘सेर’चे ‘सोमोस’ आणि ‘सोन’. धातू बिघडला, शेपटे तीच राहिली. तोच ‘स’, तोच ‘मोस’, तोच ‘न’. तेरा प्रत्यय ज्याच्या जिभेवर बसले त्याला बेशिस्त क्रियापदेही ओळखू येतात. ज्याच्या बसले नाहीत त्याला प्रत्येक रूप नवे. आम्ही पाढे पाठ केले म्हणून आमची बुद्धी बोथट झाली नाही. उलट बाजारात ती मोकळी राहिली. रूपे मोठ्याने म्हणावीत, पंधरा दिवस म्हणावीत, आणि सोळाव्या दिवसापासून खुशाल बोलत सुटावे.

पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत, ह्या आक्षेपास उत्तर देण्याची खरे तर लाज वाटावयास हवी. आमच्या आजोबा-पणजोबांनी साक्षात इंग्रजी कोणत्या भाषेतून शिकली? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन, मराठीतून शिकली. त्या पिढीने राज्यकर्त्यांची भाषा आपल्या भाषेच्या उंबरठ्यावर उभी करून तिची एकेक रचना तपासून घेतली. आणि त्यांची इंग्रजी आमच्यापेक्षा कच्ची होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. व्याकरणाची परिभाषाही आम्हांला उसनी आणावयाची नाही. धातू, गण, प्रत्यय, पुरुष, वचन, आख्यात हे शब्द तयार आहेत. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ पासून आमच्या कपाटांत आहे. ते उघडण्याचे कष्ट कोणी घेत नाही, ही गोष्ट निराळी.

संकुचितपणाच्या आरोपाविषयी थोडक्यात. बंगाली मुलाने ‘तुइ बोलिश’वरून ‘तू आब्लास’कडे जावे, तामीळ मुलीने आपल्या ‘पेसुगिराय’वरून जावे, असे मी म्हणतो; ह्यात संकोच कोठे आहे? आपल्या घराच्या दारातून जगात जाणे हा संकुचितपणा, आणि शेजाऱ्याच्या दारातून जाणे ही विशालता, हे गणित मला उलगडत नाही. आणि मराठी माणूस त्या जगात पूर्वी गेलेला आहे. वर्धा जिल्ह्यात वाढलेले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यात देशोधडीस लागले, १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात अध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि तेथील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढे राहिले. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९६७ मध्ये ते नागपुरात निवर्तले. आज जी भाषा संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि वीस देशांत राज्यकारभाराची आहे, तिच्याशी मराठीचा संबंध जोडणे ही काही माझी लहर नव्हे.

राहिली ती कबुली. मुलांना मराठी नीट येत नाही, हे खरे आहे. त्यास जबाबदार कोण, हे मी दुसऱ्यावर ढकलीत नाही. माझ्या नोकरीत सात बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या गावी मुलाची शाळा बदलली, आणि प्रत्येक वेळी आम्ही उभयतांनी मराठी ‘घरी बोलतोच आहोत की’ म्हणून वाऱ्यावर सोडली. माझा मुलगा आज मराठी बोलतो, पण वाचत नाही. हे मासिक घरी येते, ते माझ्यासाठी येते.

त्याची मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला शाळेत ‘कोमेर’ची रूपे पाठ करावयाची होती आणि ती रडकुंडीस आली होती. मी तिला एवढेच विचारले, “तू रोज आईला काय विचारतेस? ‘आई, तू जेवतेस ना?’ हा ‘स’ तू कोठून आणलास?” ती थांबली. वहीत डावीकडे मराठी रूपे आणि उजवीकडे स्पॅनिश रूपे तिने स्वतः लिहिली. मराठी रूपे लिहिताना ती दोनदा चुकली, आणि ती चूक तिने मला न विचारता, नुसती मोठ्याने म्हणून पाहून सुधारली. मग म्हणाली, “आजोबा, म्हणजे मराठीलापण ग्रामर आहे?”

बारा वर्षांच्या मुलीला, रोज जी भाषा ती बोलते तिला व्याकरण आहे, ही बातमी स्पॅनिशच्या गृहपाठातून कळावी! ह्यात तिचा दोष नाही. आम्ही तिला मराठी दिली ती दूध आणि भाजी मागण्यापुरती. विचार करावयाचा, शिकावयाचे, ताडून पाहावयाचे ते इंग्रजीत, असे न सांगता शिकविले. ज्या भाषेत नवी गोष्ट शिकता येत नाही ती भाषा मुलांच्या लेखी आजी-आजोबांबरोबर संपणारी असते. मग गणेशोत्सवात कितीही नाटके बसवा. म्हणून मुलांची मराठी कच्ची आहे हे माझ्या सूचनेच्या विरुद्ध कारण नसून तिच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण आहे. स्पॅनिशच्या निमित्ताने त्यांच्या हाती दोन भाषांचे व्याकरण पडेल, आणि त्यातली एक त्यांची स्वतःची असेल.

पुढील महिन्यात मी ही सूचना पुन्हा मांडणार आहे. दरम्यान वाचकांस एक विनंती. माद्रिद, मेक्सिको, लीमा, सांतियागो, ब्वेनोस आइरेस येथे ज्यांची सेवा झाली, अशी मराठी मंडळी ह्या मासिकाच्या वाचकांत असतील. स्पॅनिश शिकताना आपण कोठे अडखळलो आणि मराठीने कोठे हात दिला, हे त्यांनी संपादकांकडे लिहून पाठवावे. चाळीस पानांची पुस्तिका होईल एवढी सामग्री जमली तर छपाईचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून करीन. खोली मिळाली नाही तर वर्ग माझ्या घरी भरेल. फळा आणला आहे. पहिल्या दिवशी त्यावर डावीकडे ‘तू बोलतोस’ आणि उजवीकडे ‘तू आब्लास’ लिहावयाचे आहे. ज्या पाच सभासदांनी विरुद्ध मत दिले त्यांनाही आग्रहाचे निमंत्रण आहे.